एईडी भेट देताय? मग पॅडचेही पैसे द्या

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे गावच्या फायर कंपनीचं, म्हणजे स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलाचं, देणगीचं पत्र येतं आणि बहुतेकदा जाहिरातींबरोबर कचऱ्यात जातं. ‘टॅक्स भरतोच की!’ पण अमेरिकेतले साधारण दोन तृतीयांश फायरफायटर बिनपगारी आहेत. शिवाय देशभरात फायर डिपार्टमेंटला येणाऱ्या कॉलपैकी निम्म्याहून बरेच जास्त आगीचे नसतातच. कुणाच्या छातीत दुखतंय, कुणाचे आजोबा बाथरूममध्ये पडलेत, कुणाची साखर उतरलीय.

या कामाचे पैसे कोण देतं? मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पैसे देतं ते रुग्णाला गाडीतून नेण्याचे. फायर इंजिन आधी पोचलं, दर दोन मिनिटांनी माणूस बदलत छाती दाबून सीपीआर दिला, ऑक्सिजन लावला, आणि शेवटी नेलं दुसऱ्याच्या अँब्युलन्सने, तर बिल त्या अँब्युलन्सचं. संपलेलं सामान स्वयंसेवकांच्या माथी.

देणगीदारांना आवडतं एईडीसारखं यंत्र, म्हणजे हृदय अचानक बंद पडलं तर छातीला चिकटवलेल्या पॅडमधून शॉक देणारं. फोटो छान येतो. खर्च मात्र होतो तो मुदत संपण्यावर. एईडीचे पॅड न वापरताही साधारण दोन वर्षांत बाद होतात, कारण आतली जेल सुकते. मग ते छातीला नीट चिकटत नाहीत. बॅटरीही काही वर्षांनी बदलावी लागते. त्यात हे यंत्र बहुधा ० ते ५० अंश सेल्सिअससाठी बनवलेलं, आणि जानेवारीत ते पडलेलं असतं कुणाच्यातरी गाडीच्या डिकीत.

ऑक्सिजनचं गणित तर सरळ आहे. हातात नेता येणारा छोटा ‘डी’ सिलिंडर, आत दाब २००० पीएसआय. तळाचे २०० राखून ठेवायचे, उरलेल्या १८०० ला ०.१६ ने (या सिलिंडरचा ठरलेला आकडा) गुणायचं आणि मिनिटाला १५ लिटरने भागायचं: जेमतेम १९ मिनिटं. अँब्युलन्स २५ मिनिटांवर असेल तर दुसरा भरलेला सिलिंडर हवाच. आणि सिलिंडरची प्रेशर टेस्ट, सहसा दर ५ वर्षांनी, तिचा खर्च वेगळा.

जिवावरच्या अ‍ॅलर्जीसाठी एपिनेफ्रिनचं तयार इंजेक्टर महाग, आणि बरेचदा न वापरताच फेकावं लागतं. राज्याचे नियम परवानगी देत असतील तर १ मिग्रॅ/मिलीची व्हायल आणि सिरिंज कितीतरी स्वस्त पडते. मोठ्या माणसाला ०.३ मिली. धोका एवढाच की घाईत पूर्ण १ मिली ओढला जातो, म्हणून किटमध्ये ०.३ वर ठळक खूण केलेली सिरिंज आणि डोसचं कार्ड ठेवतात. वाहतं रक्त थांबवायला हातापायाला आवळायच्या पट्ट्यात, म्हणजे टूर्निकेटमध्ये, मात्र काटकसर नको. ऑनलाइन मिळणाऱ्या नकली टूर्निकेटची दांडी पिळताना वाकते किंवा तुटते.

फेमाचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेचं, अनुदान आहे. २०,००० पर्यंत वस्तीच्या गावाला स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के घालावा लागतो. पण त्यासाठी लागणारी केंद्र सरकारची ‘सॅम’ नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. ती करणारा खजिनदार गाव सोडून गेला आणि लॉगिन कुणाकडेच नाही, की अर्ज तिथेच अडला. आपल्यात कागदपत्रं कोळून प्यायलेले अकाउंटंट कमी आहेत का? महिन्यातून दोन संध्याकाळी द्या. आग विझवायला कुणी सांगत नाहीये.

आणि चेक लिहिताना मेमोमध्ये अमुकच वस्तू घ्या असं लिहू नका, रक्कम तेवढ्यातच अडकते. ऑफिसमधला जुना एईडी द्यायचा असेल तर आधी मॉडेल नंबर कळवा. काही जुन्या मॉडेलचे पॅड आता मिळतच नाहीत.