म्हणे, अर्जदार इच्छुक नाही!

काल पीएमईजीपीचं, म्हणजे नवीन छोट्या उद्योगाला कर्ज आणि अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेचं, पोर्टल उघडलं. मिरची-मसाला कांडपासाठीचा माझा कर्जाचा अर्ज नामंजूर. कारण काय, तर 'अर्जदार इच्छुक नाही'.

इच्छुक नाही? मग उद्यम नोंदणी, प्रकल्प अहवाल, जमिनीचा आठ अ उतारा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत, लोकसंख्येचा दाखला कशाला गोळा केला मी? कांडप मशीनच्या कोटेशनची बँकेतल्या साहेबांच्या टेबलावर पडून पडून मुदत संपली, तर वाढीव दराचं नवीन आणून दिलं. शेडमध्ये थ्री फेज मीटर घेऊन बसलेय, मशीन नसताना बिल भरतेय. आणि मी इच्छुक नाही! एक फोन नाही, पत्र नाही. कुणाला विचारून लिहिलं हे?

खरं कारण मला माहितीये. तारण मागितलं, मी दिलं नाही. छोट्या उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, माझं कर्ज त्याच्या आतलं. तसं म्हटल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, नियम आम्हाला शिकवू नका. एफडी ठेवा, नाहीतर सरकारी नोकरीतला जामीनदार आणा." हेच लिहून द्या म्हटलं, तर कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. मागायचं सगळं तोंडी! वर "एकदा मिस्टरांना घेऊन या". का? धंदा माझा, सही माझी, सिबिल माझा. नवऱ्याचं काय काम तिथे?

जिल्हा उद्योग केंद्रात जावं तर "आम्ही शिफारस पाठवली, आता बँक बघेल". बँकेत गेलं की "यंदाचं टार्गेट झालं, एप्रिलनंतर बघू". अहो, मिरची-मसाल्याचा सीझनच मार्च ते मे! वर्षभराचं तिखट बायका पावसाळ्याच्या आत करून ठेवतात, हे यांच्या घरी कुणाला माहीत नाही?

आणि "तुम्हा बायकांना काय, सरकार फुकट पैसे देतंय" म्हणणाऱ्यांचा तर मला मनस्वी संताप येतो. पीएमईजीपीत ग्रामीण भागातल्या बाईला 35 टक्के अनुदान आहे, पण ते हातात पडत नाही. 3 वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून राहतं, युनिट चालू दिसलं तरच कर्जात वळतं होतं. म्हणजे अनुदान बँकेकडे, वर सीजीटीएमएसईची, म्हणजे विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, हमी, मशीनही बँकेकडेच गहाण. एवढं असून आणखी एफडी कशाला हवी?

सोमवारी जाऊन नकाराचं कारण लेखी मागणार आहे, सही-शिक्क्यासकट. अर्जाची पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही.