‘ऑपरेशन करूनही वजन परत येतंच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दलचा एक मेसेज नातेवाइकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. ऑपरेशन म्हणजे आळशी माणसांचा शॉर्टकट. पोट कापलं तरी मन कापता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांत सगळं वजन परत येतं. उरलेलं पोट ताणून पुन्हा पहिल्याएवढं होतं. वजन थांबलं तर पाच दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर राहा, पोट ‘रिसेट’ होतं. आयुष्यभर गोळ्या खाव्या लागतात, म्हणजे एक आजार घालवून दुसरा घ्यायचा. आणि मोटिव्हेशन असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे. ऑपरेशन झालेल्या लोकांचा आहार पाहणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज ऑपरेशनचा विचार करणाऱ्यांना घाबरवतो हे खरंच, पण त्याचा जास्त त्रास होतो तो ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय त्यांना. काटा थांबलेला असतो किंवा दोन-चार किलो वर सरकलेला असतो, आणि नेमका तेव्हा कुणीतरी मोठ्या मायेने तो पाठवतो. म्हणून त्यातला एकेक दावा घेते.

‘दोन वर्षांत सगळं वजन परत येतं.’ हा दावा खोटा आहे आणि तो खोटा असल्याचं मोजून दाखवता येतं. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ऑपरेशन केलेले २,०१० लोक आणि तेवढ्याच वजनाचे, पण नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ लोक, यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. ऑपरेशनवाल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के घटलेलं होतं, दहा वर्षांनी १७ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के. दुसऱ्या गटात वीस वर्षांनंतर फरक होता फक्त एका टक्क्याचा. त्यातली बहुतेक ऑपरेशनं आज मागे पडलेल्या जुन्या पद्धतींची होती, तरीही हे आकडे आहेत. अमेरिकेतल्या युटा राज्यात गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) झालेल्यांचा बारा वर्षांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सरासरी घट दोन वर्षांनी ४५ किलो, सहा वर्षांनी ३६ किलो आणि बारा वर्षांनी ३५ किलो होती.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती प्रत्येक रुग्णाला ऑपरेशनच्या आधी सांगायला हवी. वजन सगळ्यात खाली जातं ते साधारण एक ते दोन वर्षांच्या टप्प्यावर. त्यानंतर थोडं वर येतं आणि मग बऱ्यापैकी स्थिरावतं. युटातल्या लोकांचंही दुसऱ्या आणि सहाव्या वर्षाच्या मध्ये सरासरी नऊ किलो वाढलं होतं. १२० किलोंवरून ८० वर आलेली बाई चौथ्या वर्षी ८६ वर असते, तेव्हा तिला आणि तिच्या घरच्यांना दिसतात ते वाढलेले सहा किलो. घटलेले चौतीस कुणी मोजत नाही. हा मेसेज लोकांना पटतो तो याच मोजणीमुळे.

काही जणांचं वजन बरंच परत येतं, हेही खरं. बायपासपेक्षा स्लीव्हनंतर, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून नळीएवढं जठर ठेवण्याच्या ऑपरेशननंतर, ते प्रमाण जास्त असतं. ‘एकदा ऑपरेशन करा आणि विसरून जा’ असं सुचवणाऱ्या जाहिराती मी पाहिल्या आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. लठ्ठपणा हा मधुमेहासारखा सोबत राहणारा आजार आहे. ऑपरेशन हा त्यावरचा आज हातात असलेला सगळ्यात ताकदीचा उपचार आहे, पण तो कायमचा निकाल नाही.

‘इच्छाशक्ती असती तर ऑपरेशन लागलंच नसतं.’ या वाक्यावर मला जास्त वेळ द्यायचा आहे. बाकी सगळं यातूनच निघतं.

१९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात डाएट करून वजन घटवलेल्यांच्या रक्तातलं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. म्हणजे माणूस जितका नेटाने कमी खातो, तितकं त्याचं शरीर जास्त भूक मागायला लागतं. त्याच अभ्यासात बायपास झालेल्यांचं घ्रेलिन मात्र खूपच कमी होतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढतात आणि हे संप्रेरक बनवणारा वरचा भाग त्यातच जातो. शिवाय ऑपरेशननंतर अन्न लवकर पुढे सरकतं आणि आतड्यातून ‘पोट भरलं’ असं सांगणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त प्रमाणात स्रवतात. ऑपरेशनचा परिणाम केवळ पोट लहान झाल्याचा नसतो, तर भुकेची सगळी यंत्रणाच बदललेली असते.

आता नुसत्या इच्छाशक्तीचं काय होतं ते पाहा. अमेरिकेत टीव्हीवर वजन कमी करण्याची एक स्पर्धा चालायची. तिच्यातल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते आणि ४१ किलो परत आले होते. एवढंच नाही, तर स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. या माणसांनी रोज कित्येक तास घाम गाळला होता. त्यांना आळशी म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आपल्याकडे हे ऑपरेशन कुणाचं होतं तेही पाहा. भारतीयांसाठीच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३७.५ च्या वर, किंवा मधुमेहासारखे आजार असतील तर ३२.५ च्या वर, अशी मर्यादा सांगितलेली आहे. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईसाठी हे अनुक्रमे ९६ आणि ८३ किलो होतात. इथवर पोचलेल्या बाईने आयुष्यात डाएट केलेलं नाही, असं मला अजून दिसलेलं नाही. आपली विमा नियामक संस्था आयआरडीएआय हिनेही २०१९ च्या सूचनांत ठरावीक निकष पूर्ण होत असतील तर या ऑपरेशनचा खर्च विम्यातून नाकारता येणार नाही, अशी तरतूद केली. कमी त्रासाचे उपाय करून झालेले असणं हा त्यातलाच एक निकष आहे. शॉर्टकटला विमा कंपन्या पैसे देत नाहीत.

‘पोट पुन्हा ताणून होतं तेवढंच होतं.’ थोडं सैलावतं, ते अपेक्षितच असतं. पहिल्या महिन्यात अर्धी वाटी वरण जड जातं आणि दीड वर्षाने एक पोळी, भाजी, वरण जातं, म्हणून ऑपरेशन फसलं असं होत नाही. काहींच्या बाबतीत पोटाची पिशवी किंवा जोड खरोखर मोठा होतो. ते एंडोस्कोपीत दिसतं आणि त्यावर उपचारही आहेत. पण वजन वाढलेल्या बहुतेकांशी बोलताना मला वेगळीच कारणं सापडतात. सगळ्यात नेहमीचं म्हणजे जेवण नीट न होता दिवसभर तोंड चालू राहणं. लहान पोटात चिकन किंवा मटकीची उसळ थांबते आणि पोट भरल्याचं कळवते. चिवडा, खारी, चहात बुडवलेलं बिस्किट, फरसाण, आइस्क्रीम सरळ खाली उतरतं आणि पुन्हा जागा होते. तासाभरात बशीभर चकल्या संपतात, ‘मी तर जेवलेच नाही’ असं वाटतं, आणि ते वाटणं प्रामाणिक असतं.

उपासांचंही तसंच. श्रावणात आठवड्यातून दोन-तीन उपास, त्यात साबुदाणा, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू. प्रथिनं अगदीच कमी पडतात आणि शरीर स्नायू मोडायला लागतं. मी कुणाला उपास सोडायला सांगत नाही. त्या दिवशी दही, ताक, पनीर, शेंगदाणे ठरवून घ्यायला सांगते.

दारूचा मुद्दा आपल्याकडे संकोचाने टाळला जातो, पण टाळता येणार नाही. विशेषतः बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका दुसऱ्या वर्षापासून वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे. याशिवाय स्टिरॉइड, मनोविकारांवरची काही औषधं, इन्सुलिन, थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, झोपेची वाट लागणं, यातलं काहीही वजन वाढवू शकतं. यातलं कुठलं कारण मन घट्ट केल्याने जाणार आहे?

‘पाच दिवस पातळ पदार्थांवर राहा, पोट रिसेट होतं.’ हे करू नका. पाच दिवस पोटात कमी गेल्याने जठराचा आकार बदलतो, याला काही आधार नाही. काटा खाली येतो तो मुख्यतः पाण्याचा, आणि जेवायला लागलं की परत चढतो. फळांच्या रसांवर राहिलात तर प्रथिनं जवळपास शून्य होतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. त्यात उलट्या सुरू झाल्या तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होऊन मेंदूला इजा होऊ शकते. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, घरी लिंबूपाणी पीत थांबायचं नाही.

बऱ्याचदा वजन थांबलेलंही नसतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली मोठी घट बरीचशी पाण्याची असते. त्यानंतर काटा आठवडाभर किंवा जास्तही हलत नाही आणि लोक घाबरून असले उपाय शोधतात. त्या काळात मी वजनाऐवजी कमरेचं माप घ्यायला लावते.

गोळ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं, कारण खाणं कमी होतं आणि शोषणही. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-१२ आधीच कमी असतं. या गोळ्या बंद केल्या की पायाला मुंग्या, थकवा, हाडांची झीज असे त्रास सुरू होतात, तेही हळूहळू, न कळत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुतेकांचे पुन्हा येतात.

राहिलं मोटिव्हेशन. ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष उत्साहाचं असतं. कपडे सैल होतात, दादरच्या पुलाच्या पायऱ्या एका दमात चढता येतात, लोक कौतुक करतात. साधारण वर्षाने कौतुक थांबतं आणि त्याच सुमाराला भूकही थोडी परतते. तेव्हा उत्साहावर विसंबलेला माणूस अडचणीत येतो. ज्यांचं वजन टिकतं त्यांचा उत्साह टिकलेला असतो असं मला दिसत नाही. त्यांच्या घरात काही गोष्टी ठरून गेलेल्या असतात. दर सोमवारी सकाळी वजन. पानात आधी प्रथिनं, म्हणजे अंडं, मासे, पनीर, उसळ किंवा घट्ट वरण, आणि दिवसाला निदान ६० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास मिळतात, तेव्हा हे आपोआप होत नाही, दोन वेळच्या जेवणाबाहेरही योजावं लागतं. जेवताना पाणी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम, कारण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. आणि फराळाचे डबे ओट्यावर नाहीत.

यातला शेवटचा भाग एकट्या रुग्णाच्या हातात नसतो. ‘घे गं, एका मोदकाने काय होतंय’ असं म्हणणारी काकू आणि ‘ऑपरेशन करूनही हिचं वाढलंच’ म्हणणारी काकू बहुधा एकच असते. पंगतीत वाढणाऱ्याने एकदा विचारावं आणि नको म्हटलं की पुढे जावं.

या मेसेजचं खरं नुकसान मला ओपीडीत दिसतं. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात तीन-चार भेटी ठरलेल्या असतात, मग वर्षातून एक. वजन वाढायला लागलं की लोक नेमकी ती भेट चुकवतात. डॉक्टर रागावतील, आपलीच चूक, असं वाटत राहतं. पाच किलो वाढल्यावर लगेच आलेल्या माणसाचं काम अनेकदा आहाराच्या बदलाने, एखादं औषध बदलून किंवा थायरॉइड तपासून होतं. तोच माणूस पंचवीस किलो वाढल्यावर येतो, मधुमेह परतलेला असतो, आणि बोलणं दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत जातं. मधल्या टप्प्यावर आता औषधंही आहेत. जीएलपी-१ वर काम करणारी इंजेक्शनं भारतात २०२५ पासून वजनासाठी मिळू लागली आहेत आणि ऑपरेशननंतर वजन वाढलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. ती थांबवली की वजन परत येण्याकडे कल असतो, हे आधी समजून घ्या आणि ती स्वतःहून केमिस्टकडून आणू नका.

तेव्हा सगळ्यात कमी झालेल्या वजनापेक्षा काटा पाच किलो वर गेला आणि महिनाभर तिथेच राहिला, तर भेटीची वेळ घ्या. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेल्यासुद्धा. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे रिपोर्ट असतील तर तेही. तीन दिवस जे खाल्लं ते जसंच्या तसं लिहा, चकल्यांसकट. बरीच वर्षं डॉक्टरांकडे गेला नसाल तरी जा.