क्वांट मास्टर्स म्हणजे ‘आकडेमोडीचा एमबीए’? मुळीच नाही

क्वांटिटेटिव्ह फायनान्स, म्हणजेच ‘क्वांट’ (गणित आणि संगणक वापरून बाजारातल्या किमती व जोखीम मोजणं), याच्या मास्टर्सबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: हा आकडेमोड वाढवलेला एमबीए आहे, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, गणित तिथे शिकवतात, महिनाभर पायथन केलं की पुरे, शेअरचे भाव ओळखायला शिकवतात, पदवी मिळाली की नोकरी ठेवलेलीच.

‘हा एमबीएच आहे’
एमबीएतलं मार्केटिंग, मनुष्यबळ, व्यवसाय धोरण इथे नसतंच. स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (यादृच्छिक बदलांचं कॅल्क्युलस), डेरिव्हेटिव्हचं (शेअरसारख्या दुसऱ्या मालमत्तेवर बेतलेल्या करारांचं) मूल्यांकन, न्यूमरिकल मेथड्स (संगणकाने अंदाजे उत्तर काढण्याच्या पद्धती), टाइम सिरीज (काळानुसार नोंदलेल्या आकड्यांचा अभ्यास), फिक्स्ड इन्कम (रोखे), जोखीम व्यवस्थापन आणि शेवटी प्रकल्प किंवा प्रबंध, असा साधारण ढाचा असतो. फायनान्शियल इंजिनिअरिंग, मॅथेमॅटिकल फायनान्स, कॉम्प्युटेशनल फायनान्स अशा नावांखालीही जवळपास हेच शिकवतात. म्हणून पदवीच्या नावावर जाऊ नका. कोणता विभाग चालवतो आणि सक्तीचे विषय कोणते, ते बघा.

‘गणित तिथे शिकवतात’
सगळ्यात जास्त नुकसान करणारा दावा हाच. खरं तर उलट आहे: फायनान्स शिकवतात, गणित तुम्ही घेऊन यायचं असतं. अनेक चलांचं कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवर आधारलेली संभाव्यता, एवढं गुणपत्रिकेवर दिसावं लागतं. कॉमर्सच्या अभ्यासक्रमातली सांख्यिकी सहसा या शेवटच्या विषयाच्या जागी धरत नाहीत. सुरुवातीला काही आठवड्यांचा उजळणी वर्ग असतो खरा, पण उजळणी आधी शिकलेल्याचीच होते.

गाडी कुठे अडते ते बघा. शेअरची किंमत S वार्षिक μ दराने वाढते आणि तिची अस्थिरता (चढउताराचं माप) σ आहे असं मानलं, तर log S सरासरी μ दराने वाढेल असं नेहमीच्या कॅल्क्युलसवरून वाटतं. स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसमधल्या इटोच्या सूत्राने तो दर μ − σ²/2 येतो. σ 20 टक्के असेल तर फरक वर्षाला 2 टक्क्यांचा. ही वजाबाकी का येते हे ज्याला उमगत नाही, त्याचं पुढचं सगळं सत्र पाठांतरावर चालतं.

‘महिनाभर पायथन पुरे’
भाषा येईल, पण प्रश्न भाषेचा नाहीच. मॉन्टे कार्लोमध्ये, म्हणजे भावाचे हजारो यादृच्छिक मार्ग संगणकावर काढून सरासरी घेण्याच्या पद्धतीत, चूक नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. 10,000 मार्गांवरची चूक दहापट कमी करायची तर 10,00,000 मार्ग लागतात. एक्स्प्लिसिट फायनाइट डिफरन्समध्ये (किंमत आणि वेळ यांच्या छोट्या पायऱ्या करून समीकरण सोडवण्याची पद्धत) किमतीची पायरी निम्मी केली की वेळेची पायरी चौथाईवर आणावी लागते, म्हणजे काम आठपट. ते विसरलं की उत्तरं वर-खाली झोके घेत अब्जावधीत जातात. कोड मात्र एरर न देता चालू राहतो, हीच गोम. बऱ्याच ठिकाणी सी++ही करावंच लागतं.

‘भाव ओळखायला शिकवतात’
ऑप्शनची (ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काची) किंमत काढणाऱ्या 1973च्या ब्लॅक-शोल्स सूत्रात शेअरचा अपेक्षित परतावा येतच नाही! ऑप्शनची किंमत हेजिंगच्या (उलट व्यवहार करून जोखीम झाकण्याच्या) खर्चावरून निघते, भाकितावरून नाही. भाकिताचा भाग टाइम सिरीज आणि मशीन लर्निंगमध्ये येतो, पण तिथेही बराच वेळ स्वतःलाच फसवणं टाळण्यात जातो. सोमवारच्या बंद भावावरून काढलेला संकेत सोमवारच्याच सुरुवातीच्या भावाला वापरला, तर बॅकटेस्ट (जुन्या भावांवर घेतलेली चाचणी) झकास दिसतो आणि खरा व्यवहार तोट्यात जातो.

‘नोकरी ठेवलेलीच’
उन्हाळी इंटर्नशिप हा नोकरीचा मुख्य दरवाजा, आणि तिचे अर्ज पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच, कधी त्याआधीही, उघडतात. तोवर एकही विषय पूर्ण झालेला नसतो. मुलाखतीत संभाव्यतेची कोडी आणि कोडिंग विचारतात, ते आधीच्या तयारीवरच सोडवावं लागतं. 9 ते 12 महिन्यांच्या अभ्यासक्रमात अशा इंटर्नशिपला बहुधा जागाच नसते. 16 ते 24 महिन्यांच्यात असते. फी आणि कालावधी यांची तुलना करताना हा फरक धरा, आणि विभागाने प्रसिद्ध केलेला नोकऱ्यांचा तपशील वाचताना टक्केवारीबरोबर पदांची नावंही वाचा.