वणवा लावून गवत कसदार होत नाही

होळीच्या सुमारास एक मेसेज हमखास फिरतो: "डोंगर पेटवा. राखेचं खत होतं, कुसळ जळतं, गोचीड मरतात आणि पावसाळ्यात कसदार गवत येतं." दख्खनच्या माळरानांपुरते यातले दावे तपासू.

राखेचं खत होतं. वाळल्या गवतात प्रथिनं साधारण 3 टक्के. हेक्टरी 2 टन गवत जळालं, तर त्यातल्या प्रथिनांत साडेनऊ किलो नत्र असतं, म्हणजे सुमारे 20 किलो युरियातलं. त्यातलं बहुतेक नत्र आगीत हवेत उडून जातं. पालाश, कॅल्शियम आणि बरंचसं स्फुरद राखेत उरतं, हे खरं. पण आग मार्चमध्ये आणि पाऊस जूनमध्ये! मधल्या काळात वारा राख उडवतो, उरलेली उतारावरून पहिल्याच जोरदार सरीत ओढ्याला लागते. इथे कोकणातल्या राबाचा, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा भाजण्याचा, दाखला देऊ नये. राब भाजतात तो रोपाच्या वाफ्यावर, पेरणीच्या तोंडावर.

जळाल्यावरचा कोंब कसदार असतो. हे अर्धं खरं आहे. त्या कोंबात प्रथिनं जास्त असतात, पण ती कोवळेपणामुळे. पाऊस पडल्यावर न जळालेल्या ठोंबालाही असाच कोंब फुटतो, फक्त जुन्या काड्यांत तो नजरेत भरत नाही. उन्हाळ्यात फुटलेला कोंब मुळांजवळच्या साठ्यावर जगतो. मेंढरांनी तो लगेच खुडला की ठोंबाला त्याच साठ्यातून पुन्हा फुटावं लागतं. वर्षानुवर्षं हेच चाललं की पवन्या, मारवेल ही चांगली गवतं विरळ होतात. शिवाय तेवढ्या कोंबावर जनावराचं पोट भरतच नाही.

कुसळ जळतं. काडी जळते, बी वाचतं. कुसळी या गवताच्या बियाला पिळदार शेपूट असतं, तेच कुसळ. दव-पावसाने ते उलगडतं, उन्हाने पुन्हा पिळतं आणि टोकदार बी मातीत रुतवतं. वरून आग गेली तरी मातीत थोडं खालीसुद्धा फारशी झळ पोचत नाही. म्हणून वारंवार पेटणाऱ्या डोंगरावर कुसळीचंच फावतं. तीच पुढे मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडात टोचते.

गोचीड मरतात. गवतावरचे काही मरतात. गोठ्याच्या भिंतींच्या फटींतल्या अंड्यांना डोंगरावरच्या आगीचं काय?

कस टिकवायचा तर कापणीची तारीख सांभाळावी लागते. प्रथिनं 7 टक्क्यांच्या खाली गेली की पोटातले जिवाणू मंदावतात आणि जनावर चारा कमी खातं. म्हणून गवत निसवू लागताच, म्हणजे तुरे बाहेर पडू लागताच, बी पिकायच्या आत कापावं. 8-10 सेंटिमीटर बुडखा ठेवावा, उलटंपालटं करून वाळवावं. ओलसर गंजी लावली तर बुरशी येते. चराई करायची तर कुरणाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने चारावं आणि निम्मं गवत उभं असतानाच जनावरं हलवावीत.

वाळून पिवळं पडलेलं गवतही पेटवायच्या लायकीचं नसतं. 100 किलो कुट्टीला (बारीक तोडलेल्या चाऱ्याला) 4 किलो युरिया 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून प्लास्टिकने हवाबंद करावं. 21 दिवसांनी उघडून, वास उडाल्यावर थोडं थोडं चारायला सुरुवात करावी. खडे राहिले किंवा द्रावण एकाच जागी साचलं तर विषबाधा होते. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देऊ नये, आणि द्रावणाची बादली जनावरांच्या तोंडाशी ठेवू नये.