स्त्रीहट्ट की राजहट्ट?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो. परवा पुन्हा आला, या खेपेला खाली गुलाबाचं फूल लावून. मजकूर थोडक्यात असा: रोझा पार्क्स नावाची एक साधीभोळी कृष्णवर्णीय म्हातारी शिवणकाम करून दमली होती. बसमध्ये गोऱ्यांच्या जागेवर बसली, पाय दुखत होते म्हणून उठली नाही, आणि तिच्या त्या एका स्त्रीहट्टाने अमेरिकेचा कायदा बदलला. शेवटची फोडणी मात्र अस्सल इथली: 'ना संघटना, ना मोर्चा, ना वर्गणी! खरं बंड ठरवून होत नसतं. ऊठसूट आंदोलनं करणाऱ्यांनी शिकावं.'

पाठवणारे काका भले आहेत, पण यातला शिवणकामाचा तपशील सोडला तर बाकी फारसं काही टिकत नाही.

म्हातारी? १ डिसेंबर १९५५ ला ती ४२ वर्षांची होती. आमच्या ग्रुपवर ४२च्या कुणाला म्हातारी म्हणून दाखवा, मग बघू. आणि दमण्याबद्दल तिने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय: रोजच्यापेक्षा जास्त काही दमले नव्हते, कंटाळा आला होता तो दर वेळी नमतं घेण्याचा.

गोऱ्यांच्या जागेवर ती बसलीच नव्हती. तिच्या मॉन्टगोमरी शहरातल्या बसमध्ये पुढच्या रांगा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या, आणि मधल्या रांगांत काळ्यांनी बसायचं ते ड्रायव्हर उठवेपर्यंत. ती बसली होती मधल्या भागात, अगदी पहिल्या रांगेत. एक गोरा माणूस जागा नसल्याने उभा राहिला म्हणून ड्रायव्हरने त्या रांगेतल्या चौघांनाही उठायला सांगितलं, कारण गोऱ्याच्या रांगेत काळ्याने बसायचं नाही. तिघं उठले. ही मात्र खिडकीकडे सरकली आणि तिथेच बसून राहिली.

फॉरवर्डमध्ये नसलेल्या त्या तिघांचा विचार माझ्या मनातून जात नाही. ते भित्रे होते असं मला म्हणवत नाही. तिथल्या ड्रायव्हरला पोलिसाचे अधिकार असत. आपल्याकडे डाव्या बाजूच्या सीट बायकांच्या, तिथे एखादा बाप्या पाय पसरून मोबाइलवर रील्स बघत बसलेला असतो. 'दादा, ही लेडीज सीट आहे' एवढं वाक्य मनात चार वेळा घोळवून मी स्वारगेट ते कात्रज उभी गेलेय. तुलना नाही करत. मला कुणी पकडून नेणार नव्हतं. पण एवढ्याशा वाक्यालासुद्धा आधी तयारी लागते, हे मला कळलंय.

तिची तयारी होती. त्या दिवशी ती अटक करून घ्यायला बसमध्ये चढली नव्हती, हे कबूल. पण १९४३ पासून ती कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत सचिवाचं काम बघायची. त्याच वर्षी, पुढच्या दाराने चढली म्हणून, याच ड्रायव्हरने तिला खाली उतरवलं होतं. १९५५ च्या उन्हाळ्यात ती टेनेसीला कार्यकर्त्यांच्या शिबिरालाही जाऊन आली होती. आणि तिच्या आधी, मार्चमध्ये, क्लॉडेट कोल्व्हिन ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी जागेवरून उठली नाही म्हणून पकडली गेली होती. तिच्या नावाचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

ठरवून केलं की बंड खोटं होतं, हे काका कुठून शिकले कळत नाही. दर ३ जानेवारीला तेच सावित्रीबाईंचा फोटो टाकतात. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाताना लोक अंगावर शेण फेकायचे, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, असं सांगतात. शेण पडणार हे धरून, लुगड्याची घडी घेऊन रोज घराबाहेर पडणं. ठरवून करणं याहून वेगळं काय असतं?

'ना संघटना, ना वर्गणी'? अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं काढली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक पायी गेले. टॅक्सीवाल्यांनी बसच्या दरात, १० सेंटमध्ये, माणसं पोचवली. शहराने त्यावर किमान भाड्याचा नियम पुढे केला, तेव्हा खासगी गाड्यांची पाळी लावली. पेट्रोलला पैसे लागतात, ते चर्चमधून जमले. वर्गणीच ती.

कायदाही तिच्या खटल्याने बदलला नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो बसमधल्या वेगळ्या जागांविरुद्धचा दुसऱ्या चार जणींचा दावा, त्यात ती १५ वर्षांची क्लॉडेटही होती.

राहिला हट्ट. बहिष्कार सुरू झाला तेव्हाच्या मागण्या ऐकून मी चाट पडले: ड्रायव्हरने नीट बोलावं, काळ्यांच्या वस्तीतल्या मार्गांवर काळे ड्रायव्हर घ्यावेत, आणि काळ्यांनी मागून, गोऱ्यांनी पुढून बसत यावं, पण बसलेल्याला उठवू नये. वेगळं बसवणं बंद करा, एवढंसुद्धा मागितलं नव्हतं! शहराने तेही नाकारलं. मग १ फेब्रुवारी १९५६ ला तो दावा दाखल झाला, आणि वर्ष संपता संपता ती अख्खी पद्धतच गेली. बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्ट अशी आपल्याकडे यादी आहे. यातला कुठला, ते उघड आहे.

तेवढा एक शब्द बदलून मी फॉरवर्ड परत ग्रुपवर टाकलाय. काकांच्या निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.