ती ताटली आधी रिकामी करा

‘पहिल्यांदाच घरात झाडं लावताय? नर्सरीवाले कधीच सांगणार नाहीत अशा ७ गोष्टी’ हा मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. आमच्याकडे तो दर पावसाळ्यात उगवतो आणि मी दरवेळी खाली सरकवून पुढे जाते. या वेळी तो कांजूरमार्गला माझ्या धाकट्या जावेकडे पोचला. तिने नुकतीच खिडकीच्या जाळीत तुळस, कढीपत्ता आणि मनीप्लांट आणलाय. फोनवर कौतुकाने म्हणाली, “ताई, सगळं मेसेजप्रमाणे केलंय हं.” घरात दोन वर्षांचं पोर आहे, म्हणून आता लिहिते.

मेसेज थोडक्यात असा: कुंडीच्या तळाशी दगडांचा थर द्या. खालच्या ताटलीत कायम पाणी ठेवा. रोज सकाळी न चुकता एक ग्लास पाणी घाला. फक्त लाल माती वापरा. दुकानातलं खत म्हणजे विष, त्याऐवजी दूध, तांदळाचं पाणी, चहाचा चोथा घाला. दर आठवड्याला चमचाभर एप्सम सॉल्ट द्या. नळाचं पाणी देऊ नका, क्लोरीनने मुळं जळतात.

क्रमाने जात नाही. ताटलीपासून सुरू करते, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर झाड मरेल.

‘ताटलीत दोन बोटं पाणी ठेवा, झाड लागेल तसं पितं.’ हे मुंबईत सांगताय, तेही जुलैत! डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटार लागत नाही, त्याला असंच स्वच्छ, साठलेलं, सावलीतलं पाणी आवडतं. आपल्या दमट उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं घरात येऊन कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, फेंगशुईच्या बांबूचं भांडं उचलून बघतात, ते काही हौस म्हणून नव्हे. अळ्या सापडल्या तर नोटीस हातात पडते. आणि रविवारी ताटली नुसती ओतली की झालं, असंही नाही. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून ताटली ओतायची, घासायची, मगच परत ठेवायची. तिच्याशिवाय भागत असेल तर उत्तमच, पण खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात हे मलाही माहीत आहे.

झाडालाही या पाण्याचा उपयोग नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडी पाण्यात उभी राहिली की मातीतल्या पोकळ्या भरतात, हवा संपते, मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं माना टाकतात. नवखा माणूस ते बघून म्हणतो, बिचारं तहानलंय, आणि अजून एक ग्लास ओततो. मुंबईतल्या कितीतरी तुळशी अशा मायेनेच मेल्या असतील.

आता एवढं मात्र नाइलाजाने मान्य करते: खालून पाणी देणं ही खरीखुरी पद्धत आहे. मे महिन्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पार सुकलं की वरून घातलेलं पाणी कडेने सुळकन निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. तेव्हा कुंडी अर्धा तास पाण्याच्या टोपात ठेवायची आणि मग निथळायची. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं ‘अर्धा तास’ गाळून त्या जागी ‘कायम’ घातलं.

आता दगड. हा सल्ला आपल्या आजीपासून नर्सरीतल्या भैयापर्यंत सगळे देतात, त्यामुळे खोडायला जड जातो. पण एक सांगा, वरच्या मुद्द्यात पाणी निथळावं म्हणून दगड घालायचे आणि खालच्या मुद्द्यात तीच कुंडी पाण्यात उभी करायची, हे लिहिताना कुणाला काहीच खटकलं नाही?

वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बागायत-तज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी बागकामातल्या अशा समजुती एकेक करून तपासल्यात, त्यात हीसुद्धा आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत ते सीमेवरच अडून राहतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो चिखलाचा पट्टा राहिला असता, तो दगडांमुळे वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. मातीचा थर जितका उंच, तितकं पाणी निथळतं, आणि दगड घालून आपण नेमकी ती उंची कमी करतो. छोट्या कुंडीत तर अर्धी जागा दगडच खातात. भोकातून माती वाहू नये म्हणून एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, ते ठीक आहे. भोक मात्र हवंच. सुंदर दिसतात म्हणून बिनभोकाच्या चिनी मातीच्या कुंड्या आणल्या असतील, तर त्यात उदबत्त्या लावा.

‘फक्त लाल माती’ हे जमिनीत चालतं, तिथे गांडुळं आणि मुळं ती भुसभुशीत ठेवतात. कुंडीत ती बसते आणि दगड होते. माती, कोकोपीट, गांडूळखत साधारण सारख्या प्रमाणात घ्या, मूठभर निंबोळी पेंड घाला. नर्सरीतून आलेल्या झाडाचा घट्ट गोळा हलक्या हाताने मोकळा करा.

रोजचा एक ग्लास? कुणाच्या घरचा ग्लास, केवढी कुंडी, कोणता महिना? बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर परत फिरा. पावसाळ्यात बंद खिडकीशी ठेवलेल्या मनीप्लांटला आठवडाभर काही लागत नाही.

खतांचा परिच्छेद वाचून तर हसूच आलं. दुधाची पिशवी धुतलेलं पाणी आपण सगळेच घालतो, त्याने कुणी मेलं नाही. पण दूध मातीत नासतं, आणि तांदळाच्या स्टार्चवर बुरशी आणि चिलटं जोमाने वाढतात. आपल्या चहाच्या चोथ्यात दूध-साखर असते, म्हणजे मुंग्यांची मेजवानी. धुऊन वाळवून कंपोस्टमध्ये टाका, तिथे तो कामाचा आहे. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम आणि गंधक असतं. नत्र, स्फुरद, पालाश या झाडाच्या तीन मुख्य अन्नांपैकी एकही नाही, मग ते खताऐवजी कसं चालेल? नुसत्या कोकोपीटमधल्या झाडाला मॅग्नेशियम कमी पडू शकतं, हे खरं. पण गरज नसताना दर आठवड्याला घातलं तर जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं. आणि दुकानातल्या १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) मधलं नत्र मुळाला ‘केमिकल’ म्हणून वेगळं ओळखता येत नाही. शेणखतातलं नत्रही शेवटी अमोनियम आणि नायट्रेट होऊनच आत जातं. फरक प्रमाणाचा आहे: पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरुवात करा, कोरड्या मातीत देऊ नका. नवीन गांडूळखत घातलेल्या झाडाला तर पहिला महिनाभर काहीही देऊ नका.

राहिलं नळाचं पाणी. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी आपण पितो. माणसाला चालतं तेवढं क्लोरीन तुळशीलाही चालतं, रात्रभर बादलीत ठेवायचं कारण नाही. एसीचं पाणीही घाला. आरओ मशीनचं फेकलं जाणारं पाणी मात्र कुंडीत नको, क्षार त्यातच एकवटलेले असतात. तुमच्या इमारतीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल आणि मातीवर पांढरी पापडी धरत असेल, तर अधूनमधून भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं पावसाचं पाणी घाला, आणि खाली साचलेलं लगेच ओतून टाका.