हायड्रेंजियाच्या कुंडीतले खिळे आधी काढा

दर पावसाळ्यात बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो: कुंडीत गंजलेले खिळे पुरा, हायड्रेंजिया (गोल गुच्छांचं ते फुलझाड) आठ दिवसांत निळी होते, गुलाबी असो की पांढरी; आणि बहर सरला की गुलाबासारखी जमिनीलगत छाटा. यातलं एकही खरं नाही.

निळा रंग लोखंडाने येत नाही, ॲल्युमिनियमने येतो. फुलातलं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य एरवी गुलाबी दिसतं, ॲल्युमिनियमशी जोडलं गेलं की निळं. मुळांना ते मिळतं माती आम्लधर्मी असेल तरच, सामू (pH) साधारण ५.५ किंवा त्याखाली. महाबळेश्वरच्या जांभ्यात, तिथल्या पावसात हे आपसूक जुळून येतं. पुण्यातल्या चुनखडीच्या काळ्या मातीचा सामू ८ च्या आसपास, त्यात बोअरचं जड पाणी; तिथे हे आपसूक होत नाही.

शेजारच्या काकूंची कुंडी आम्ही दोघींनी मागच्या महिन्यात उलटी केली. मुळांच्या जाळ्यातून चौदा खिळे निघाले. आणि पानं? शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पिवळी. म्हणजे लोहाचीच कमतरता! अशा मातीत गंज विरघळतच नाही; झाड भरल्या ताटावर उपाशी. दोन वर्षं त्यांनी ते लेकरासारखं जपलं होतं, म्हणून मला फार लागलं.

पांढऱ्या फुलात हे रंगद्रव्य नसतं, ते निळं होणार नाही. आणि उमललेल्या फुलावर आठ दिवसांत काही होत नाही. तयारी कळ्या दिसायच्या आधीपासून हवी. लिटरभर पाण्यात चार-पाच ग्रॅम तुरटी, माती ओली असतानाच, पंधरवड्यातून एकदा. जास्त नको, मुळं जळतात. हाडांचं खत आणि सुपर फॉस्फेट बंद करा, त्यांतलं स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून तेच घाला.

सगळ्यात घातक सल्ला छाटणीचा. आपल्याकडच्या गोल गुच्छांच्या हायड्रेंजियाच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांच्या टोकाकडेच असतात. जमिनीलगत छाटलं की पुढचा बहर कचऱ्यात. काकूंना दोन वर्षं फूलच दिसलं नाही, निळं तर दूरच. वाळलेला गुच्छ फक्त खालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या (फुटव्याच्या कळ्यांच्या) जोडीवर कापायचा, बस्स.

त्यांच्या झाडाच्या चार जुन्या फांद्या कात्रीतून वाचल्या आहेत. चारही फांद्यांना मी लाल दोरा बांधून आले.